नाणेघाट पायी, माळशेज सायकलवर

कांद्याची रोपं अजून पंधरा दिवसांची कच्ची आहेत, भाताची कापणी आटोपली, म्हणून दोन दिवस मोकळे मिळाले. कल्याणचा भाचा फोनवर म्हणाला, "मामा, तुम्ही नाणेघाट उतरा, मी कल्याणहून सायकलवर येतो. वैशाखऱ्याला चहा पिऊ आणि मग मी माळशेज चढतो." पोरगं नोकरीवालं आहे, शनिवार-रविवार सायकल मारतं. मी म्हटलं, चल. माझ्या आजोबांनी ही वाट बैलं घेऊन तुडवली, मी मात्र पन्नाशी उलटली तरी वरनंच बघून येत होतो.

पहाटे मुलाने मोटारसायकलवर घाटघरला सोडलं. जुन्नरहून आपटाळे, चावंड करत जाताना एक गोष्ट शेतकऱ्याच्या डोळ्यात भरतेच. आमच्याकडे ओतूर-आळ्याला ऊस, कांदा, टोमॅटो. पश्चिमेला जसजसं जाल तशी भाताची खाचरं, नाचणी, वरई, खुरासणी आणि हिरड्याची झाडं. एकाच तालुक्यात, तीस-चाळीस किलोमीटरच्या आत पाऊस चौथाईवर येतो. घाटमाथ्यावर जमीन धुऊन निघते आणि पूर्वेला आम्ही टँकरची वाट बघतो. खालच्या कोकणाचा माल वर आणि वरचा माल खाली का जात होता, याचं निम्मं उत्तर इथंच आहे. दोन्हीकडे पिकतंच वेगळं.

घाटाच्या तोंडाशी तो दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकायचे असं सगळे सांगतात, फोटोही सगळे त्याचाच काढतात. मला आपली एक शंका येते. बैल आणि माणूस उन्हातनं चढून आल्यावर त्याला आधी पाणी लागतं, जकात नंतर. कातळात कोरलेली पाण्याची टाकी तिथं आजही आहेत आणि त्यांनी जास्त लोकांचा जीव वाचवला असणार. पण रांजणाचा मान मोठा, राहू द्या.

खरी बघायची गोष्ट म्हणजे लेणं. सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख तिथल्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत कोरलाय, इसवी सनाच्या आधीचा. १८२८ मध्ये कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने तो जगापुढे आणला. समोरच्या भिंतीवर राजघराण्याचे पुतळे होते, आता फक्त पावलांच्या खुणा आणि वर नावं उरलीत. लेखात यज्ञांची यादी आहे आणि प्रत्येक यज्ञात काय दान दिलं तेही. एका ठिकाणी १,७०० गायी आणि १० हत्ती, एका ठिकाणी ११,००० गायी आणि १,००० घोडे. आपल्या देशातले फार जुने लिहिलेले आकडे म्हणून अभ्यासक या लेखाला मानतात. मी तिथं बसून दुसराच हिशोब केला. लहान गावरान गाय धरली आणि दिवसाला ५ किलो सुका चारा धरला तरी ११,००० गायींना रोज ५५ टन कडबा लागतो. दान घेणाऱ्याने त्या कुठं चारल्या असतील? तेवढी कुरणं आणि तेवढा कडबा पिकवणारी माणसं या मुलखात होती म्हणूनच राणीला भिंतीवर तसं लिहिता आलं.

आणि होतीच. जुन्नरभोवती डोंगरात २०० च्या वर लेणी आहेत. त्यातलं एक लेणं आणि पाण्याचं टाकं धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने दिलेलं आहे, तसा लेखच आहे. श्रेणी म्हणजे त्या काळची व्यापाऱ्यांची संघटना. दुसऱ्या लेखांत दान दिलेल्या शेतजमिनी निवर्तनात मोजून सांगितल्यात, ही करंजाच्या झाडापाशी, ती वडापाशी, जसं आपण सातबारा नसताना बांधाच्या खुणा सांगतो. दान देणाऱ्यांत यवनही आहेत. खाली कल्याण, सोपारा ही बंदरं. पहिल्या शतकातल्या पेरिप्लस नावाच्या ग्रीक पुस्तकात कल्याणचं नाव आहे. बंदरापासून जुन्नर, तिथून पैठण. त्या रस्त्याचा सगळ्यात अवघड तुकडा म्हणजे हा घाट. त्याच्या राखणीला जीवधन, चावंड, हडसर, शिवनेरी उभे.

उतरायला लागलो. वरचा भाग म्हणजे दोन कड्यांमधली नळीच, दगड बसवून फरसबंदी केलेली. पायऱ्या झिजून गुळगुळीत. आजोबा सांगायचे, उतरताना बैलाच्या खुरांना पत्र्या नव्या असल्या तर तो घसरतो, थोड्या घासलेल्या बऱ्या. पौष पौर्णिमेला मुरबाडजवळ म्हशाची यात्रा भरते, बैलांचा मोठा बाजार. आजोबा जोडी घेऊन घाटघरला मुक्काम करायचे, तांबडं फुटताना घाट उतरायचे आणि दुसऱ्या दिवशी बाजारात उभे राहायचे. येताना बैल विकलेले असले तर पाठीवर मिठाची गोणी आणि सुका बोंबील. त्यांच्याही आजोबांच्या काळात वंजाऱ्यांचे तांडे लादणीचे बैल घेऊन हेच करायचे. मीठ, तांदूळ, मासळी वर. धान्य, गूळ, मिरची खाली.

अर्ध्या वाटेवर एक म्हातारबा वर चढताना भेटले. हातात काठी, डोक्यावर पिशवी. विचारलं, बाबा काय आणलं? म्हणाले, "सोडं अन् बोंबील. सून म्हणली घेऊन या." मी हसलो, त्यांना वाटलं मी त्यांनाच हसतोय. मग सांगितलं कशाला हसलो ते. म्हणाले, यष्टीने गेलो तर अख्खा दिवस जातो, इकडून चार तासांत घरी.

मग हा घाट पडला कशाने? मला वाटतं, चाकाने. लादणीचा बैल पायरी चढतो, गाडी चढत नाही. १८३० मध्ये बोरघाटात खंडाळ्याच्या बाजूने गाडीरस्ता झाला, गव्हर्नर माल्कमच्या काळात. एका बैलाच्या पाठीवर जेमतेम एक क्विंटल, तोच बैल जोडीने गाडीला जुंपला की आठ-दहा क्विंटल. तिथंच हिशोब संपला. पुढं १८६३ ला त्याच बोरघाटातून रेल्वे चढली, ३७ फुटाला १ फूट असा चढ, २५ बोगदे. कामावर एका वेळी ४० हजारांच्या वर मजूर होते आणि पटकी, ताप, दरडी यांनी हजारो मेले. ठेकेदार ट्रेडवेल स्वतः आल्यावर थोड्याच दिवसांत मेला, काम त्याच्या बायकोने, अ‍ॅलिसने पुढं नेलं. त्या घाटात शिंग्रोबाचं देऊळ आहे. साहेबाला वाट सापडेना तेव्हा एका धनगराने मेंढरांची वाट दाखवली आणि त्याच्याच जिवावर बेतलं, अशी गोष्ट सांगतात. खरी-खोटी देव जाणे, पण ट्रकवाले आजही तिथं नाणं टाकतात. नाण्याचा घाट इकडं आणि नाणी पडतात तिकडं!

वैशाखऱ्याला पोचलो तेव्हा गुडघे बोलत होते. अडीच तास लागले. भाचा आधीच येऊन भजी खात बसलेला. चहा झाला, तो सायकलवर टांग मारून निघाला आणि मी यष्टीत बसलो. मोरोशीच्या पुढं गाडीने त्याला मागं टाकलं. मान खाली घालून एका लयीत पाय मारत होता. रात्री घरी विचारलं, चढ कसा रे? म्हणाला, "मामा, चढ अंगावर येत नाही, पण संपतच नाही. आणि वर बघवत नाही, डोक्यावर दगड लोंबतायत."

तो लोंबता दगड माझ्या चांगला ओळखीचा आहे. काही वर्षांमागे जुलैमध्ये माझी कोथिंबीर निघाली होती, तीस गुंठे. गाडी भरून कल्याणला निघाली आणि माळशेजला दरड आली. ड्रायव्हर चार तास थांबला, मग मागं फिरून चाकण, तळेगाव, लोणावळा करून बोरघाटाने उतरला. बाजारात पोचला तेव्हा जुड्या आतनं तापून पिवळ्या. त्या दिवशी शेकड्याला ८०० चा भाव होता, मला २०० मिळाले, त्यातनं गाडीभाडं जास्तीचं. व्यापाऱ्याची चूक नाही, ड्रायव्हरचीही नाही. तेव्हापासून जून ते ऑगस्ट मी कोथिंबीर-मेथी कल्याणसाठी धरत नाही. दोडका, काकडी असा एक दिवस जास्त तग धरणारा माल करतो. आणि भरायच्या आदल्या रात्री घाटातल्या हॉटेलवाल्याला फोन करतो, मगच काढणी. आपल्या पट्ट्यातल्या ज्यांनी या जूनची पालेभाजी मनात धरलीय त्यांनी हे बघून ठेवा.

भाचा सकाळी ओतूरहून परत निघाला, उतार असल्याने दुपारी जेवायला घरी होता. माझे गुडघे तीन दिवस धरले होते. पौष पौर्णिमेला म्हशाला जायचं ठरवलंय, बैल नाहीत आता, पण एक चांगलं घोंगडं घ्यायचंय. नाणेघाटाने कुणी पायी येणार असेल तर कॉमेंटमध्ये सांगा, घाटघरला मुक्कामाची सोय आधी बोलून ठेवतो.