साथ आणि बंदिशाळा

बंगळूरच्या मॅजेस्टिक बसतळावर उतरून शेषाद्री रस्त्याने चालू लागले की थोड्याच अंतरावर एका जुन्या तुरुंगाचे आवार लागते. १८६७ साली उभारलेला हा मध्यवर्ती तुरुंग पुढे शहराबाहेर परप्पन अग्रहारास हलविण्यात आला आणि २००८ साली या आवाराचे 'फ्रीडम पार्क' झाले. आणीबाणीत वाजपेयी, अडवाणी यांच्याबरोबर आमच्या कोकणचे मधु दंडवते यांनाही १९७५ च्या जूनमध्ये याच शहरात अटक झाली. या स्मृतीमुळे मराठी पाहुणे आले की त्यांना तेथे नेण्याचा आमचा परिपाठ आहे. पाहुणे टेहळणीचा मनोरा पाहतात, रिकाम्या कोठड्यांत डोकावतात आणि बहुधा एकच प्रश्न विचारतात : "एवढ्याशा जागेत माणसे राहत कशी?" २०२० सालच्या वसंतात हाच प्रश्न देशाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला. त्याचे उत्तर शोधताना न्यायासनाला काय काय तोलावे लागले, त्याचा हा अल्प इतिहास.

तुरुंग आणि साथ यांचे नाते आपल्याकडे जुने आहे. ज्या तुरुंग अधिनियमावर २०२० साली आपली बंदिशासनव्यवस्था मुख्यतः उभी होती, तो १८९४ चा. त्याच्या सातव्या कलमात असे म्हटले आहे, की तुरुंगात सुरक्षितपणे ठेवता येतील त्याहून अधिक बंदी झाले, अथवा आत साथ उद्भवली, तर त्यांच्यासाठी तात्पुरत्या तुरुंगाची सोय करावी. म्हणजे साथीवर त्या काळच्या राज्यकर्त्यांचा उपाय एकच होता : एक भिंत अपुरी पडली तर दुसरी उभारावी. भिंतीचे दार उघडावे, हा विचार त्या कलमात नाही. त्यानंतर तीनच वर्षांनी, पुण्या-मुंबईत प्लेग फैलावला असता, १८९७ चा साथरोग अधिनियम आला. रँडसाहेबाच्या कारभाराची हकीकत मराठी वाचकांस सांगण्याची आवश्यकता नाही.

प्लेग हुबळीकडून आगगाडीने बंगळूरास पोहोचला तो १८९८ च्या ऑगस्टात. त्याच्या पुढच्याच महिन्यात, ६ सप्टेंबर रोजी, लोकमान्य टिळकांची अठरा महिन्यांची शिक्षा पुरी होण्यापूर्वी सुमारे सहा महिने सुटका झाली. ती साथीमुळे झाली नव्हती. मॅक्समुल्लरादी विद्वानांनी केलेला विनंतिअर्ज आणि सरकारने घातलेल्या अटी यांतून ती घडली. परंतु त्या काळी मुदतीआधीची सुटका ही कशी गोष्ट होती, हे त्यावरून दिसते. ती राजाची कृपा होती. बंद्याचा तिच्यावर काही अधिकार नव्हता.

आता १२२ वर्षे ओलांडून पुढे येऊ. १६ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने कोणाच्याही अर्जाची वाट न पाहता तुरुंगांतील संभाव्य साथीची दखल स्वतःहून घेतली. त्या वेळी सरन्यायाधीश होते नागपूरचे शरद बोबडे. न्यायालयासमोर जे आकडे होते ते असे : देशात १,३३९ तुरुंग, त्यांत ४,६६,०८४ बंदी, म्हणजे क्षमतेच्या ११७.६ टक्के, आणि उत्तर प्रदेशात तर १७६.५ टक्के. लोकांनी एकमेकांपासून दूर राहावे असा उपदेश सर्वत्र चालू असताना, ज्यांना दूर सरकण्यास हातभरही जागा नाही त्यांनी काय करावे?

देशव्यापी टाळेबंदीची घोषणा २४ मार्चची. तिच्या आदल्या दिवशी न्यायालयाने आदेश दिला, की प्रत्येक राज्याने उच्चाधिकार समिती नेमावी. तिच्यात राज्य विधी सेवा प्राधिकरणाचे अध्यक्ष, गृह अथवा कारागृह खात्याचे प्रधान सचिव आणि कारागृह महासंचालक असावेत. कोणत्या वर्गाच्या बंद्यांना अभिवचन रजेवर, म्हणजे पॅरोलवर, अथवा अंतरिम जामिनावर सोडता येईल, हे या समितीने ठरवावे. ज्या गुन्ह्यांस सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे त्यांतील बंद्यांचा विचार व्हावा, असे न्यायालयाने उदाहरणादाखल सुचविले. या आदेशाचा पाया राज्यघटनेचे एकविसावे कलम हा होता. १८९८ साली जी कृपा होती, तिचे २०२० साली जीविताच्या हक्काशी नाते जडले. आमच्या मते या प्रकरणाचे ऐतिहासिक महत्त्व हेच होय.

येथे आम्हांस एक कबुली देणे प्राप्त आहे. ही बातमी आली तेव्हा आमच्या परिचयातील मराठी मंडळींत दूरध्वनीवरून मोठी चर्चा झाली. "प्रामाणिक माणसे घरात कोंडलेली आणि चोर मोकळे!" हे वाक्य त्या चर्चेत कोणी उच्चारले असे विचाराल, तर ते आम्हीच. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात एकवीस दिवस काढावयाचे या कल्पनेनेच आम्ही कासावीस झालो होतो. त्या वाक्यातील चूक पुढे सरकारी आकड्यांनीच दाखवून दिली. २०१९ च्या आकडेवारीप्रमाणे दर दहा बंद्यांपैकी सुमारे सात न्यायाधीन होते. ज्यांना सर्रास कच्चे कैदी म्हणतात ते हे लोक. त्यांचा गुन्हा अद्याप शाबीत व्हावयाचा होता. ज्यांना आम्ही चोर म्हणून मोकळे झालो, त्यांतील बहुतेकांना न्यायालयाने अजून चोर ठरविलेच नव्हते.

परंतु तराजूचे दुसरे पारडे रिकामे होते असेही नाही. ज्याच्या घरी अपराध घडला त्याची भीती खरी असते. १३ एप्रिल रोजी न्यायालयाने स्पष्ट केले, की बंद्यांना सक्तीने सोडाच असा आपला आदेश नव्हता, प्रत्येक राज्याने आपापली परिस्थिती पाहून निर्णय करावयाचा होता. गाड्या बंद असताना सुटलेला माणूस गावी पोहोचणार कसा, हाही प्रश्न होता. तेव्हा त्याच्या वाहनाची किंवा निवाऱ्याची सोय सरकारने पाहावी, असेही एप्रिलच्या आदेशांत आले. इकडे कर्नाटकाच्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात वकिलीस आरंभ केलेले अभय ओक. न्यायालये बंद असल्यामुळे कोणाचे नुकसान होऊ नये म्हणून त्या न्यायालयाने अंतरिम आदेशांची मुदत सरसकट वाढविली. कारकुनी नजरेस ही बाब लहान वाटेल. पण मुदतीच्या जामिनावर बाहेर असलेल्यास तारीख वाढणे म्हणजे काय, हे त्यालाच ठाऊक.

धोका कल्पित नव्हता, हे लवकरच दिसून आले. १९ एप्रिल रोजी बंगळूरच्या पादरायनपुऱ्यात आरोग्यपथकास विरोध करून दंगा केल्याबद्दल शंभराहून अधिक लोकांना अटक झाली आणि त्यांना रामनगरच्या तुरुंगात पाठविण्यात आले. त्यासाठी तेथील मूळचे बंदी अगोदरच बंगळूरास हलविले होते. थोड्याच दिवसांत नव्या बंद्यांपैकी काहींना संसर्ग झाल्याचे निष्पन्न झाले. मग सर्वांना परत बंगळूरास आणून हज भवनात ठेवावे लागले. १८९४ च्या सातव्या कलमाचीच ही नवी आवृत्ती म्हणावयाची! मुंबईत आर्थर रोडचा तुरुंग सुमारे आठशे बंद्यांसाठी असून त्यात तिपटीहून अधिक माणसे होती. एप्रिलमध्ये त्याची दारे बाहेरच्यांस बंद केली, तरी ७ मे रोजी तेथे ७७ बंदी आणि २६ कर्मचारी बाधित असल्याचे आढळले. पहारेकरीही त्याच हवेत श्वास घेतो, याचे स्मरण आम्हां नोकरदारांना विशेष व्हावयास हवे. चारच दिवसांनी महाराष्ट्राच्या समितीने सुटकेची कक्षा वाढविली. सुमारे ३५,००० पैकी १७,००० बंद्यांना तात्पुरते सोडण्याचे राज्याने ठरविले.

येथवर हिशेब सरळ होता. पण वर्गवारीचे काम आम्ही रोज करतो, म्हणून तिचा दोषही आम्हांस चटकन दिसतो. कागद एका वर्गात बसला की त्यावरील माणूस दिसेनासा होतो. समित्यांनी मुख्यतः कलम मोजले. रोगाने मात्र वय आणि छाती मोजली. तिशीतील धडधाकट माणूस सात वर्षांच्या आतील कलमामुळे बाहेर येऊ शके, तर विशेष कायद्याखालील ऐंशीचा वृद्ध महाराष्ट्राच्या समितीच्या वर्गवारीत बसत नसे. तेलुगू कवी वरवर राव यांना तळोजाच्या तुरुंगात असताना संसर्ग झाला. मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना प्रकृतीच्या कारणास्तव जामीन दिला तो २२ फेब्रुवारी २०२१ रोजी. एके काळी याच बंगळूरात इंडियन सोशल इन्स्टिट्यूटचे संचालक असलेले ८४ वर्षांचे पाद्री स्टॅन स्वामी यांचा जामीनअर्ज प्रलंबित असतानाच ५ जुलै २०२१ रोजी मुंबईच्या रुग्णालयात त्यांचा अंत झाला. त्यांच्यावरील आरोपांविषयी मत देणे आम्हां सरकारी नोकरांचे काम नव्हे. ते आरोप न्यायालयात शाबीत झाले नव्हते आणि आता त्यांची शहानिशा त्यांच्या हयातीत होणे नाही, एवढे मात्र नमूद केले पाहिजे.

दुसऱ्या लाटेत, ७ मे २०२१ रोजी, सरन्यायाधीश रमणा यांच्या पीठाने पूर्वी सुटलेल्यांना पुन्हा सोडण्यास सांगितले आणि सात वर्षांच्या आतील गुन्ह्यांत उगाच अटक करू नये, या २०१४ च्या निवाड्याची आठवण दिली. याच आदेशातील एक मुद्दा आमच्या मनातून जात नाही. सामाजिक परिस्थितीमुळे आणि रोगाच्या भयाने काही बंद्यांना बाहेर जाण्याची इच्छा नसेल, त्यांच्याबाबत अधिकाऱ्यांनी सहानुभूतीने वागावे, असे त्यात म्हटले आहे. तुरुंगापेक्षा घर अधिक भयावह वाटावे, अशीही माणसे आपल्या समाजात आहेत, हे न्यायालयाला लिहून ठेवावे लागले. अखेर २४ मार्च २०२३ रोजी, साथ ओसरल्यावर, सुटलेल्यांनी पंधरा दिवसांत हजर व्हावे असा आदेश झाला. पण दाटी साथीपूर्वीही होती. साथीने ती फक्त चव्हाट्यावर आणली.

अलीकडे पाहुण्यांना घेऊन आम्ही पुन्हा त्या जुन्या तुरुंगात गेलो होतो. कोठडी पाहून नेहमीचा प्रश्न आला. पूर्वी आम्ही त्यावर दंडवत्यांची हकीकत सांगत असू. या वेळी आम्ही पाहुण्यांना एवढेच सांगितले, की अशा जागेत माणसे कशी राहतात हे एकदा सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून विचारले होते, आणि आम्ही मात्र त्या दिवशी दूरध्वनीवर भलतेच काही बोलत होतो.