दुसऱ्या खेळाची वाट

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

सुपरहिरोच्या चित्रपटाचा दुसरा भाग लागला की आठवडाभर घरोघरी एकच वाद रंगतो. थोरला म्हणतो, पहिल्याची सर नाही. धाकटा म्हणतो, पहिल्यापेक्षा भारी. दोघांनीही तो वर्षभर आधीपासून मनातल्या मनात पाहिलेला असतो. २००३ साली ‘कोई... मिल गया’ आला, २००६ मध्ये त्याचा ‘क्रिश’ झाला, २०१३ मध्ये ‘क्रिश ३’. परदेशी ‘स्पायडरमॅन’ तर २००७ सालच्या तिसऱ्या भागात आपल्याकडे भोजपुरी बोलू लागला. दरवेळी जाहिरातींचा पाऊस आणि दरवेळी हाच वाद. आमच्या पिढीतले लोक कपाळाला आठ्या घालून म्हणतात, हे सगळं अमेरिकेचं खूळ. मला ते पटत नाही. अमेरिकेत सुपरमॅन कागदावर उतरला तो १९३८ साली. त्याच्या वीस वर्षं आधी आमच्या नाशिकमध्ये एक गृहस्थ अचाट शक्तीच्या नायकाचा दुसरा भाग काढायला बसले होते.

ते गृहस्थ म्हणजे दादासाहेब फाळके. जन्म त्र्यंबकेश्वरचा, ३० एप्रिल १८७०चा. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली मुंबईच्या कोरोनेशनमध्ये लागला, हे शाळकरी मुलांनाही पाठ असतं. त्याची जाहिरात मात्र फारशी कोणाला आठवत नाही. सत्तावन्न हजार छायाचित्रं, दोन मैल लांबीचा खेळ आणि दर फक्त तीन आणे, अशा अर्थाची ती जाहिरात होती. बोलबाला करण्याची विद्याही आपण बाहेरून आणलेली नाही, एवढ्यासाठी हे सांगितलं.

‘हरिश्चंद्रा’नंतर फाळक्यांनी बिऱ्हाड आणि कारखाना दोन्ही नाशिकला हलवलं. मग महायुद्ध आलं, कच्ची फिल्म मिळेना, पैसा मिळेना. त्या ओढाताणीतून १९१७ साली ‘लंकादहन’ बाहेर पडला आणि लोक अक्षरशः वेडे झाले. अण्णा साळुंके यांनी एकाच चित्रपटात राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या. पण लोकांनी डोक्यावर घेतला तो मारुती. तो आकाशात झेपावतो, लहान लहान होत ठिपक्याएवढा होतो, शेपटीनं लंका पेटवतो. आजच्या भाषेत तो पडद्यावरचा आपला पहिला सुपरहिरो. मद्रासला तिकिटांची नाणी बैलगाडीत भरून पोलीस बंदोबस्तात न्यावी लागली, असं सांगतात. राम दिसला की प्रेक्षक पायातल्या वहाणा काढत, असंही सांगतात. यात भर किती नि खरं किती ते सोडा. पुढचा खेळ कधी, हा प्रश्न तेव्हा गावोगाव विचारला जात असणार एवढं नक्की.

फाळक्यांनी पुढचा खेळ मारुतीचा केला नाही, कृष्णाचा केला. त्यामागे त्यांची जुनी तहान होती. मुंबईत एका नाताळात त्यांनी येशूच्या जीवनावरचा मूकपट पाहिला आणि पडद्यावरच्या त्या चित्रांच्या जागी त्यांना गोकुळ दिसू लागलं. म्हणजे कृष्ण हे त्यांचं पहिलं स्वप्न, हरिश्चंद्र ही केवळ सोय. १९१८च्या सुरुवातीला भांडवलदार भागीदारांबरोबर नाशिकला हिंदुस्थान फिल्म कंपनी उभी राहिली, तेव्हा कुठे ते स्वप्न परवडलं. त्याच वर्षी ‘श्रीकृष्णजन्म’ मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागला आणि उदंड चालला. पुढच्याच वर्षी, १९१९ मध्ये, ‘कालिया मर्दन’. नायक तोच, गाव तेच, भूमिका करणारी व्यक्तीही तीच. याला दुसरा भाग म्हणायचं नाही तर कशाला?

आता गंमत बघा. आज दुसरा भाग काढणारे काय करतात? पहिल्यात एक इमारत पडली असेल तर दुसऱ्यात शहर पाडतात. फाळक्यांकडेही नाग होता, नदी होती, पाण्याखालची झुंज होती. पण ‘कालिया मर्दन’ सुरू होतो तो एका लहान मुलीच्या चेहऱ्यानं. ही फाळक्यांची मुलगी मंदाकिनी, सात वर्षांची. साध्या वेषात ती एकामागून एक भाव करून दाखवते आणि मग तीच पडद्यावर कृष्ण होते. पुढे चमत्कार दाखवायचा आहे हे ठाऊक असलेला माणूस आधी सांगून टाकतो की ही माझी पोर आहे, देव नाही. जादूगारानं खेळाआधी दोन्ही हात मोकळे करून दाखवावेत, तसं हे आहे. त्यानंतर अर्धाअधिक चित्रपट खोड्यांचा. लोणी चोरणं, शेजारणीची फजिती, मार खाणं आणि चुकवणं. नाग येतो तो शेवटी.

आणि नाग येतो तेव्हा फाळके काय करतात? पाण्याखाली झुंज चाललेली असताना मधूनमधून ते काठावरची माणसं दाखवतात. यशोदा, नंद, गोपाळ, सगळे पाण्याकडे डोळे लावून उभे. पोर वर येतं की नाही, कोणालाच माहीत नाही. थिएटरात बसलेल्या प्रत्येकाला गोष्ट पाठ होती, कृष्ण बुडणार नाही हे प्रत्येकाला माहीत होतं. तरी काठावरच्या चेहऱ्यांमुळे जीव टांगणीला लागतो. सुदैवानं या चित्रपटाचा बराचसा भाग टिकला आहे, त्यामुळे हे आजही डोळ्यांनी पाहता येतं. ‘लंकादहन’ आणि ‘श्रीकृष्णजन्म’ यांचे मात्र तुकडेच उरले आहेत. माझ्यापुरतं विचाराल तर अपेक्षांना पुरून उरलेला आपल्याकडचा पहिला दुसरा भाग म्हणजे ‘कालिया मर्दन’.

मी शायरी-कवितेतला माणूस, म्हणून एक आमच्या बाजूचं सांगतो. मुशायऱ्यात एखादा शेर आवडला की श्रोते ‘मुकर्रर’ म्हणतात, म्हणजे पुन्हा ऐकवा. शायर पुन्हा म्हणतो. शब्द तेच असतात, पण पहिल्यांदा काळजात जी कळ आली ती दुसऱ्यांदा येत नाही, कारण दुसरी ओळ कुठे जाणार हे आता सभेला माहीत असतं. जाणता शायर काय करतो? पहिली ओळ दोनदा, तीनदा म्हणतो, थांबतो आणि सभेलाच दुसऱ्या ओळीची वाट पाहायला लावतो. मजा शेरातून निघून वाट पाहण्यात जाते. फाळक्यांचे काठावरचे गोपाळ हेच काम करतात. अर्थात सगळ्याच शायरांना ते साधत नाही, आणि फाळक्यांनाही ते नेहमी साधलं नाही.

कारण पुढची हकिकत उदास आहे. भागीदारांशी बिनसलं, फाळके कंपनी सोडून काशीला गेले, तिथे ‘रंगभूमी’ नावाचं नाटक लिहिलं. १९२२ मध्ये नाशिकला परतले आणि पुन्हा चित्रपट काढू लागले, पण आता जमाना इतरांचा होता. अखेर ते पुन्हा मारुतीकडे वळले. लंका जाळून झाली होती, आता समुद्रावर सेतू बांधायचा. ‘सेतुबंधन’ म्हणजे कथेच्या क्रमानं ‘लंकादहन’चा पुढचा भाग. मध्येच पैसा संपला, काम अडलं, पुन्हा सुरू झालं. हे चालू असताना १४ मार्च १९३१ रोजी मुंबईत ‘आलम आरा’ लागला आणि चित्रपट बोलू लागला. लागला कुठे? मॅजेस्टिकमध्ये. जिथे फाळक्यांचा मुका कृष्ण जन्मला होता, तिथेच. १९३२ साली ‘सेतुबंधन’ तयार झाला तो मूकपट म्हणून. त्याच वर्षी कोल्हापूरच्या ‘प्रभात’नं शांतारामबापूंच्या दिग्दर्शनाखाली ‘अयोध्येचा राजा’ आणला. मराठीतला पहिला बोलपट, आणि गोष्ट हरिश्चंद्राची! ज्या गोष्टीनं फाळक्यांनी दार उघडलं, तीच गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून बोलत, गात आली. ‘सेतुबंधन’ला मागाहून आवाज चिकटवण्यात आला, पण लोक काही परतले नाहीत.

हा चित्रपट वाईट होता का? मला वाटतं, हा प्रश्नच अपुरा आहे. मारुतीची उडी पाहून वहाणा काढणारा प्रेक्षक १९१७चा. पंधरा वर्षांत तो बदलला, त्याला कान फुटले. दुसरा भाग पहिल्याच्या तोडीचा आहे की नाही, हे आपण पडद्याकडे पाहून ठरवतो. पण दोन भागांच्या मधल्या काळात आपलं काय झालं, तेही पाहायला हवं. दहाव्या वर्षी पाहिलेला नायक पंचविसाव्या वर्षी फिका वाटला, तर सगळा दोष नायकाचा नसतो. फाळक्यांनी १९३७ मध्ये कोल्हापुरात ‘गंगावतरण’ हा एकुलता एक बोलपट केला आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला देह ठेवला.

आमच्या जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, मालेगावात, या कहाणीचा आणखी एक फाटा फुटला. तिथल्या शेख नासीर नावाच्या हिकमती माणसानं २००० साली ‘मालेगाव के शोले’ काढला. यंत्रमागावर राबणारी माणसं जुम्म्याच्या सुट्टीला सिनेमाला गर्दी करतात; त्यांनी आपल्याच गल्लीतले गब्बर आणि बसंती पाहून थिएटर डोक्यावर घेतलं. मग लोकांना पुढचं हवं झालं. नासीरनं थेट सुपरमॅनला हात घातला. फैजा अहमद खान यांनी त्या धडपडीवर २००८ साली माहितीपट केला, म्हणून तो सगळा खटाटोप जगाला दिसला. हिरवा कपडा टांगून उडण्याची दृश्यं घेणं, कॅमेरा पाण्यात पडणं, ऐन चित्रीकरणात नायकाचं लग्न निघणं. नायक शफीक, यंत्रमाग कामगार, काटकुळा. हा सुपरमॅन दम्यानं धापा टाकतो, त्याच्या चड्डीची नाडी लोंबते, आणि त्याचं वैर तंबाखूशी आहे. हॉलिवूडच्या सुपरमॅनशी त्याची बरोबरी करायला गेलात तर हसाल, आणि हसावं म्हणूनच तो केलेला आहे. पण मालेगावच्या प्रेक्षकाची अपेक्षा काय होती? आपल्यातला एक जण उडताना दिसावा. ती पुरी झाली. शफीक मात्र २०११ साली तोंडाच्या कर्करोगानं गेला, भर तारुण्यात. २०२५च्या फेब्रुवारीत रीमा कागती यांचा ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ देशभर लागला, त्यात शफीकची भूमिका शशांक अरोरा यांनी केली आहे.

मी हे सुरगाण्यात बसून बोलतो आहे, आणि इथल्या माणसाला या वादात एक वेगळी बाजू दिसते. गुजरातच्या सीमेवरचा हा आमचा डोंगराळ आदिवासी तालुका. कोकणा, वारली, महादेव कोळी यांची वस्ती. नागली आणि वरईची उतारावरची शेती. होळी झाली की अक्षय्य तृतीयेपर्यंत गावोगाव बोहाडा निघतो. कुठे त्याला भोवाडा म्हणतात, पलीकडे डांगात भवाडा. लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे मोठाले मुखवटे चढवून रात्रभर सोंगं नाचतात. गणपती, सरस्वती, मारुती, नरसिंह, भीम, दहा तोंडांचा रावण, आणि पहाटे जगदंबा आणि महिषासुर यांची झुंज. संबळ वाजतो, मशाली पेटतात, गर्दी दोन्ही बाजूंना सरकून वाट देते. मुखवटा इतका जड की नाचणाऱ्याला दोघांनी आधार द्यावा लागतो.

लहानपणी अब्बांच्या खांद्यावर बसून मी हे पाहिलं आहे. गर्दीत कोण कुठल्या धर्माचा, हे रावण आल्यावर कोणाच्या लक्षात राहत नसे. पोरं सारखीच किंचाळत. अमुकच्या घरचा भीम यंदा जोरात नाचला, तमक्याच्या पायात आता दम नाही, असं सकाळी चहाच्या टपरीवर हमखास कानावर पडे. म्हणजे तुलना इथेही होते, आणि चांगली तिखट होते. फक्त ती देवाशी होत नाही, गोष्टीशी होत नाही. गोष्ट तर दरवर्षी तीच. मुखवट्याखालचा माणूस सगळ्यांच्या ओळखीचा असतो, फाळक्यांनी आपली मुलगी ओळखीची करून दिली तसा. काही गावांत एकेक सोंग एकेका घराण्याकडे चालत आलेलं असतं. बापानं वाहिलेला मुखवटा मुलाच्या डोक्यावर येतो, तेव्हा सगळं गाव काठावरच्या गोपाळांसारखं श्वास रोखून असतं. पोराला तो पेलतो का?

अलीकडे हा प्रश्न जरा वेगळ्या रीतीनं विचारला जातो. पावसाळा सरला की इथली तरुण मंडळी दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामाला उतरतात, आणि द्राक्षाची तोडणी आणि बोहाडा एकाच हंगामात पडतात. त्यामुळे गावात बसलेले म्हातारे आता भीम कसा नाचेल यापेक्षा तो येणार आहे का, याची चौकशी आधी करतात. बागाईतदारानं सोडलं तर तो एस.टी.नं संध्याकाळपर्यंत पोचतो, रात्री मुखवटा चढवतो, आणि जगदंबेची झुंज संपली की सकाळच्या पहिल्या गाडीला परत उभा असतो.