बोली संपली, नाव तेच

'लिलाव' हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला. आपल्याच रायगडातल्या चौल-रेवदंड्याला त्यांचा दोनशे वर्षांहून जास्त अंमल होता. आज तोच लिलाव शेलूच्या पोरांच्या मोबाईलवर आलाय. हप्ते थकलेल्या गाड्या, पुरात बुडालेल्या गाड्या, चार फोटो आणि बोली. अधूनमधून कुणीतरी मला विचारतं, "दादा, स्वस्तात मिळतेय, घेऊ का?" म्हणून थोडा इतिहास सांगतो.

९ डिसेंबर २०१५. मुंबईत दाऊद इब्राहिमच्या जप्त मालमत्तेचा सरकारी लिलाव झाला. त्यात एक जुनी ह्युंदाई ॲक्सेंट होती. हिंदू महासभेच्या स्वामी चक्रपाणींनी ती ३२ हजारांना घेतली आणि त्याच महिन्यात गाझियाबादला नेऊन जाळली. जाळायच्या गाडीचं इंजिन बघावं लागत नाही, कागदही लागत नाहीत. आपल्याला मात्र ती चालवायची असते.

एप्रिल २०१९ मध्ये नीरव मोदीच्या गाड्या निघाल्या. ईडीच्या वतीने एमएसटीसी या सरकारी कंपनीने ऑनलाइन लिलाव केला. रोल्स रॉईस घोस्ट १ कोटी ३३ लाखांना गेली. गाड्या आधी बघायला मिळाल्या, पण चालवून बघायला नाही. म्हणजे कोटीची गाडी असो की लाखाची, अट एकच : जशी आहे तशी, जिथे आहे तिथे. नंतर तक्रार चालत नाही.

ही अट आपल्या भागात जास्त जड जाते. २७ जुलै २०१९ आठवा. उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये अडकली, हजारावर प्रवासी बाहेर काढावे लागले. वांगणी म्हणजे आपलं शेजारचं स्टेशन. अशा पाण्यात बुडालेली गाडी दुरुस्त करणं परवडत नसेल तर विमा कंपनी मालकाला भरपाई देते आणि गाडी भंगारात नाहीतर लिलावात जाते. धुतली, पुसली की फोटोत झकास दिसते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, गालिचा उचलून बघा. चिखल तिथे सापडतो.

पण खरी गोम नावाची आहे. सरकारी लिलावात गाडी घेतली तर ताबा मिळाल्यापासून ३० दिवसांत फॉर्म ३२ भरून आरटीओत नाव बदलायचं असतं. बँकेने किंवा फायनान्सवाल्याने ओढून आणलेली गाडी असेल तर आरसीवरचा कर्जाचा बोजा उतरवून घ्यावा लागतो, त्यासाठी फॉर्म ३५. आपल्याकडे पैसे दिले, चावी घेतली, की लोक म्हणतात, झालं काम. कागद 'नंतर बघू'.

६ फेब्रुवारी २०१८ ला सुप्रीम कोर्टाने अशाच 'नंतर बघू'चा निकाल दिला. गाडी एकामागून एक हात बदलत गेली होती, नोंदणी मात्र पहिल्याच मालकाच्या नावावर राहिली होती. २००९ साली अपघात झाला, एकाचा जीव गेला. ज्याने गाडी केव्हाच विकली होती, त्याच्यावरच नुकसानभरपाईची जबाबदारी आली. कोर्टाने म्हटलं, जखमी माणसाने खऱ्या मालकाला शोधत फिरायचं नाही, नोंदणीवर नाव ज्याचं, जबाबदारी त्याची.

म्हणून हे घेणाऱ्यापेक्षाही, ज्याची गाडी गेली त्याच्यासाठी लिहितोय. हप्ते थकले, टेम्पो ओढून नेला, घरात सुतक पडल्यासारखं झालं, पुन्हा त्या विषयाचं नाव नको वाटतं. साहजिक आहे. पण लिलावाने सगळं कर्ज फिटलंच असं नसतं, उरलेली रक्कम मागितली जाऊ शकते. आणि तुमचं नाव आरसीवर असेपर्यंत चौकशी आधी तुमच्याच दारात येते. तेव्हा गाडी कितीला विकली, हे फायनान्सवाल्याकडून लेखी मागा. परिवहनच्या साइटवर आपला नंबर टाकून नाव बदललं का, ते बघा. बदललं नसेल तर आरटीओला लेखी कळवा आणि पोच घ्या.

गाडी गेली ती गेली. तिच्या पुढच्या अपघाताचा वारसा तरी आपल्याकडे नको.