चौदावा धागा

सुरतेजवळच्या कोसाडात रात्रपाळी सुटली आहे. लूमची खडखड अजून तुमच्या कानात घुमते आहे. तुमचे आजोबा धुळे जिल्ह्यात पांझरेकाठच्या फडावर पाटकरी होते, म्हणजे पाटाचं पाणी शेतांना वाटून द्यायचे. तुम्ही सुरतेत कापड तपासता. खिशात घडीचं पितळी भिंग. ते ताक्यावर टेकवायचं आणि त्याच्या चौकोनात किती आडवे धागे बसलेत ते मोजायचं, हे तुमचं काम. चहा येईपर्यंत हा एवढा ताका उरकू म्हणून तुम्ही वाकता. बारावा धागा, तेरावा... चौदावा हलतो.

मान वर करता तर समोर डेल्फ्ट, साल 1688. खिडकीबाहेर हॉलंडचा कालवा. आत पन्नाशी ओलांडलेला एक गृहस्थ: अंतोनी व्हान लेव्हेनहुक. तरुणपणी त्याचं कापडाचं दुकान होतं. याच गावात डच ईस्ट इंडिया कंपनीची शाखा आहे आणि त्याच कंपनीची वखार तुमच्या सुरतेत. भिंगाची सवय त्यालाही कापडाच्या धाग्यांनीच लावली, असं म्हणतात.

तो पाण्याच्या काचनळीत एक लहान मासा घालतो. शेपटीच्या पातळ पडद्यासमोर शेंगदाण्यापेक्षाही लहान भिंग येतं. तुम्ही डोळा लावता. लांबट तांबूस कण एकामागून एक धावताहेत. केसाहून बारीक वाटेने ते शेपटीच्या कडेकडे जातात, वळतात आणि शेजारच्या वाटेने परत फिरतात. हार्वेने 1628 मध्ये रक्त फिरतं हे हिशेबाने सिद्ध केलं, पण जाणारी नि येणारी वाट जोडणारा सांधा त्याला दिसला नव्हता. माल्पिगीला 1661 मध्ये तो बेडकाच्या फुप्फुसात सापडला. इथे तो सांधा वाहताना दिसतो. लेव्हेनहुक कणांची मापं वाळूच्या दाण्याशी ताडून सांगतो. मोजपट्टी नसली तर माणूस हाताशी आहे त्याने मोजतो. तुम्हाला यात नवल वाटत नाही.

डोळ्याची पापणी लवते आणि 1840 चं पॅरिस येतं. प्वाझय नावाचा डॉक्टर अतिशय बारीक काचनळ्यांतून दाबाखाली पाणी सोडून वेळ मोजतोय. नळीची त्रिज्या निम्मी केली. तुमच्या मनात आजोबांचं गणित: वाट निम्मी म्हणजे पाणी निम्मं, फार तर पाव. प्वाझयचा आकडा वेगळा आहे. दाब नि लांबी तीच ठेवली, तर पाणी सोळाव्या हिश्श्यावर येतं. म्हणजे शरीराला रक्त वळवायचं असेल तर हृदयाला जास्त राबवायची गरज नाही. एखादी रक्तवाहिनी किंचित आवळली की झालं. आजोबांना असं दार मिळालं असतं तर फडावरची निम्मी भांडणं मिटली असती.

आता 2003, कॅलिफोर्नियातलं पासाडेना. प्रयोगशाळेत उबदार पाण्यात झेब्रामाशाचे भ्रूण. मासा मात्र आपल्याकडचा. फ्रान्सिस हॅमिल्टनने 1822 मध्ये गंगेतल्या माशांच्या ग्रंथात त्याची नोंद केली. आज पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतही हृदयाच्या अभ्यासासाठी तो पाळला जातो. त्याचा गर्भ काचेसारखा पारदर्शक असतो. अंडं फळल्यावर साधारण 24 तासांत त्याचं हृदय धडधडू लागतं, आणि ते पाहायला काही कापावं लागत नाही.

तुम्ही सूक्ष्मदर्शकावर वाकता. पाठीच्या कण्याखालच्या मुख्य वाहिनीत कण झटक्याझटक्याने शेपटीकडे जातात. खालच्या शिरेतून परतताना तेच कण संथ असतात. कॅमेरा सेकंदाला शेकडो चित्रं घेतोय. समजा, शंभर घेतली आणि दोन चित्रांमध्ये एक कण 5 मायक्रोमीटर सरकला. मग वेग झाला सेकंदाला अर्धा मिलिमीटर. त्याला वाहिनीच्या छेदाने गुणलं की प्रवाह हाती येतो. एका फाट्यावर जेवढं आत येतं तेवढंच दोन शाखांतून बाहेर पडलं पाहिजे. हा पाटकऱ्याचा हिशेब सगळ्या फाट्यांना लावून संगणकात वाहिन्यांचं जाळं उभं करायचं. इतक्या लहान मापात रक्त भोवरे घेत नाही, मधासारखं सरळ सरकतं; त्यामुळे समीकरणं सोपी होतात. पण बारीक वाहिनीत रक्तपेशी एकेक करून चेपत जातात, तिथे रक्ताला पाणी समजून चालत नाही.

जे होव्ह, स्कॉट फ्रेझर, मोरी घरीब आणि त्यांचे सहकारी याच्या पुढे जातात. भ्रूण 37 तासांचा आहे, हृदय अजून नळीसारखं. त्या नळीच्या तोंडाशी ते 50 मायक्रोमीटरचा काचमणी बसवतात. पाटात धोंडा. काही भ्रूणांत धोंडा नळीच्या शेवटाला, तर काहींत नुसताच बाजूला, वाट न अडवता. एवढ्याशा पिल्लाला प्राणवायू कातडीतूनच मिळतो, त्यामुळे रक्त अडलं तरी ते लगेच मरत नाही आणि पुढे काय होतं ते पाहता येतं.

जिथे वाट अडली तिथे हृदयाला नीट वळण येत नाही, पुढचा कप्पा धड बनत नाही, झडपा बिघडतात. बाजूला मणी ठेवलेली पिल्लं ठणठणीत. हृदय रक्त ढकलतं हे हार्वेपासून माहीत होतं. इथे उलटी बाजू दिसते: वाहतं रक्त भिंतींना घासतं आणि त्या घासण्यातून पेशींना कसं वाढायचं ते कळतं. म्हणूनच हा वेग मोजायची एवढी धडपड.

आजोबा दरवर्षी पाट सुरू करताना आधी नुसतं पाणी सोडून द्यायचे. कोरडा पाट गाळाने बुजतो, म्हणायचे. वाहू द्या, तो आपली वाट धरतो.

“चाय लो!” पोऱ्याची हाक येते. कोसाड. बाहेर उजाडलंय. पांझरेचं पाणी तापीला मिळून इथवर येतं, तुमच्यासारखंच. तुम्ही भिंग पुन्हा ताक्यावर टेकवता. चौदावा धागा जागेवर आहे. पंधरावा.