शंभरातील सव्वादोन रुपये

धनिकांनी अधिक दराने कर द्यावा काय, हा वाद आपल्याकडे निघाला की तो पुष्कळदा केवळ नीतीच्या अंगाने होतो. प्रशासनाच्या अंगाने पाहिले तर या प्रश्नाचे एक उत्तर आपण प्रत्यक्ष आजमावून पाहिलेले आहे.

यशवंतराव चव्हाण केंद्रीय अर्थमंत्री असताना १९७१ च्या अर्थसंकल्पानंतर दोन लाख रुपयांवरील उत्पन्नाला ८५ टक्के प्राप्तिकर आणि त्या करावर १५ टक्के अधिभार, म्हणजे एकूण ९७.७५ टक्के दर लागू झाला. दोन लाखांपुढच्या प्रत्येक शंभर रुपयांतले सव्वादोन रुपये करदात्याच्या हाती उरावयाचे. संपत्तीकर निराळाच, तो धरला तर एकूण कर उत्पन्नापेक्षाही अधिक होऊ शके.

हेतू विषमता कमी करण्याचा होता, त्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु माजी सरन्यायाधीश के. एन. वांच्छू यांच्या समितीने त्याच वर्षाच्या अखेरीस दिलेल्या अहवालात या दरालाच करचुकवेगिरीचे एक प्रमुख कारण ठरविले. हिशेब सरळ होता. शंभर रुपये दडविणाऱ्यास प्रामाणिक माणसाच्या चव्वेचाळीस पट लाभ होत होता. १९६८-६९ मधील दडविलेल्या उत्पन्नाचा समितीचा अंदाज होता १४०० कोटी रुपये. कमाल दर ७५ टक्क्यांवर आणावा, अशी तिची शिफारस होती. १९७४ साली तो अधिभारासह ७७ टक्क्यांवर आणला तो खुद्द चव्हाणांनीच. स्वतः वाढविलेला दर स्वतःच उतरविणे राजकारणात सोपे नसते. त्याचे श्रेय त्यांना क्वचितच दिले जाते.

वास्तविक ही सूचना १९५६ सालीच मिळाली होती. केंब्रिजचे निकोलस कॅल्डोर हे काही धनिकांचे वकील नव्हते. पुढे ब्रिटनच्या मजूर सरकारचे ते सल्लागार झाले. त्यांनी भारताला संपत्ती, खर्च, देणगी आणि भांडवली नफा यांवर कर सुचविले, म्हणजे एका कराच्या माहितीने दुसऱ्याची पडताळणी व्हावी. त्याचबरोबर प्राप्तिकराचा कमाल दर ४५ टक्क्यांहून अधिक नसावा, असेही बजावले. आपण नवे कर घेतले आणि अट सोडून दिली. पडताळणीची यंत्रणाही उभी राहिली नाही. खर्चकर १९६६ मध्ये गेला, देणगीकर १९९८ मध्ये आणि संपत्तीकर २०१५ मध्ये.

माझे मत विचाराल तर धनिकांनी अधिक दराने कर द्यावा, हे तत्त्व मला मान्य आहे. मात्र दर ठरविणे हे एका दिवसाचे काम आहे, उत्पन्न शोधणे वर्षानुवर्षांचे. पगारदाराचा कर पगारातूनच कापला जातो. त्याला दडविण्याची संधीच नसते. मोठ्या बागाईतदाराचे शेतीउत्पन्न मात्र केंद्राच्या प्राप्तिकराबाहेर आहे. के. एन. राज समितीने १९७२ साली शेतधारणेवर कर सुचविला होता. तो विषय राज्यांचा असल्याने अहवाल राज्यांकडे गेला, आणि तेथेच राहिला.