जन्मतःच पंचावन्न

गेल्या सोमवारी आमच्या टीममध्ये एक नवीन माणूस आला. थेट लीड म्हणून. मी या टीममध्ये चार वर्षं घासतोय, रात्री दोनला उठून पडलेले सर्व्हर उभे केलेत, आणि हा पठ्ठ्या पहिल्याच दिवशी माझ्या एक पायरी वर! दुपारी कँटीनमध्ये माझ्या तोंडून निघून गेलं, "हा बघा, आला डेथ नाइट." टेबलावरचे दोघं खो खो हसले, बाकीच्यांना ढिम्म कळलं नाही. तर त्या बाकीच्यांसाठी, आणि खरं सांगायचं तर माझ्याही डोक्यातला गुंता सोडवण्यासाठी, हा या विकांताचा उद्योग.

आधी थोडा इतिहास. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन या दोघांनी अमेरिकेत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ काढला. कागद, पेन्सिल आणि फासे. त्यात तुम्ही लढवय्या, जादूगार असं काहीतरी बनता, त्याला म्हणायचं क्लास. राक्षस मारले, खजिना मिळवला की अनुभवाचे गुण साठतात आणि तुम्ही एकेक लेव्हल वर चढता. आता समजा, सहा महिने खेळून चौघं आठव्या लेव्हलला पोचलेत आणि पाचवा मित्र आज खेळायला आला. त्याने पहिल्या लेव्हलपासून सुरुवात करायची का? घरगुती खेळात याचं उत्तर सोपं आहे. खेळ चालवणारा डंजन मास्टर समोरच बसलेला असतो. "चल, तू सहावीपासून घे," म्हणतो, आणि विषय मिटतो.

गंमत सुरू झाली ती हाच खेळ इंटरनेटवर गेल्यावर. तिथे एका जगात हजारो लोक, कोणी कोणाला ओळखत नाही, आणि "चल, तू सहावीपासून घे" म्हणणारा कोणी नाही. ते वाक्य आता कोडमध्ये लिहायला हवं. आणि कोडमध्ये लिहिलं की ते सगळ्यांना लागू होतं, हे आपण आयटीवाल्यांना सांगायला नको.

मार्च १९९९ मध्ये आलेल्या 'एव्हरक्वेस्ट'चं उत्तर अगदी कडक होतं. सगळे एकपासून. हा खेळ म्हणजे छळच होता म्हणा ना. मेलात तर कमावलेल्या अनुभवातला काही भाग जायचा, आणि अंगावरचं सामान मढ्यापाशी राहायचं. ते आणायला उघड्यानेच परत जायचं! डिसेंबर २००१ मध्ये तिथे बीस्टलॉर्ड हा नवा क्लास आला, फेब्रुवारी २००४ मध्ये बर्सर्कर. दोन्ही पहिल्या लेव्हलपासून. बर्सर्कर आला तेव्हा खेळातली सर्वोच्च लेव्हल होती ६५. म्हणजे नवा क्लास हौसेने घेतला, तर पहिले कित्येक आठवडे आपले मित्र वर ड्रॅगन मारतायत आणि आपण खाली उंदीर. न्याय झाला, पण मजा गेली.

नोव्हेंबर २००४ मध्ये ब्लिझार्डचं 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' आलं. सुरुवातीला सर्वोच्च लेव्हल ६०. जानेवारी २००७ च्या विस्तारात ती ७० झाली आणि आउटलँड नावाचा नवा प्रदेश उघडला, किमान ५८ व्या लेव्हलच्या लोकांसाठी. झालं! सगळी गर्दी तिकडे पळाली आणि खालची साठ लेव्हलची गावं ओस पडली. नवीन माणसाने तिथे जाऊन हाक मारावी तर ओ द्यायला कोणी नाही.

या परिस्थितीत १३ नोव्हेंबर २००८ ला 'रॅथ ऑफ द लिच किंग' हा पुढचा विस्तार आला आणि त्यात आला डेथ नाइट, या खेळातला पहिला 'हिरो क्लास'. हा जन्मतःच ५५ व्या लेव्हलचा! मात्र अट अशी, की तुमच्या खात्यात आधीच ५५ पर्यंत पोचलेलं निदान एक तरी कॅरेक्टर हवं. शिवाय एका सर्व्हरवर एकच डेथ नाइट. मूळ बेत याहून अवघड होता. २००७ मध्ये घोषणा झाली तेव्हा हा क्लास एक लांबलचक मोहीम पार करून मिळवायचा, अशी कल्पना होती. नंतर ती सोडून दिली.

आता ५५ च का? ६० का नाही, ५० का नाही? कारण आउटलँडचं दार ५८ ला उघडायचं. मधल्या तीन लेव्हल म्हणजे शाळा. आणि ती शाळा काय बांधली होती राव! अ‍ॅकेरस नावाचा हवेत तरंगणारा काळा किल्ला. तिथे तुम्ही लिच किंगचे गुलाम म्हणून जागे होता. डेथ नाइटची सगळी यंत्रणाच वेगळी, सहा रून्स आणि वर रूनिक पॉवर, म्हणजे जुन्या खेळाडूलाही पाटी कोरी. एकेक काम करायचं, एकेक कौशल्य मिळवायचं. खालचं गाव तुमच्या कामगिरीप्रमाणे डोळ्यांदेखत बदलत जातं, उजाड होत जातं. शेवटी मोठी लढाई, मग लिच किंगशी फारकत, आणि तुम्ही ५८ च्या आसपास बाहेर पडता. अंगावर बऱ्यापैकी चिलखत, बुडाखाली घोडा आणि हाताला वळण.

यात दोन बारकावे मला फार आवडतात. पहिला, किल्ल्यातून सुटल्यावर तुम्ही आपल्या माणसांच्या राजधानीत जाता. स्वागत कसं होतं? रस्त्यावरचे लोक कुजकी फळं फेकून मारतात, थुंकतात! दुसरा, लेव्हल ५५ मिळाली तरी धंद्यांचं कसब मिळालं नाही. प्रथमोपचार तेवढा २७० पासून, बाकी खाणकाम, लोहारकी सगळं एकपासून. त्यामुळे हे महाभयंकर काळे सरदार एल्विनच्या जंगलात नवशिक्यांच्या शेजारी वाकून तांबं खणताना दिसायचे. :)

पुढे ही रीत रुळली. 'फायनल फँटसी १४' मध्ये २०१५ च्या विस्तारातले नवे जॉब (तिथे क्लासपेक्षा जॉब म्हणतात) ३० पासून सुरू झाले. २०१७ मध्ये सामुराई आणि रेड मेज ५० पासून, मग २०१९ ला ६०, २०२१ ला ७०, २०२४ ला ८०. २०१७ पासून हिशोब नेमका, सर्वोच्च लेव्हलच्या वीस खाली. आणि अट डेथ नाइटसारखीच, दुसरा एखादा जॉब तेवढ्या लेव्हलला आधी नेलेला हवा. वॉरक्राफ्टमध्येही ऑगस्ट २०१६ ला डेमन हंटर ९८ व्या लेव्हलवर जन्मला. मधल्या २०१२ मध्ये मंक मात्र पुन्हा एकपासून आला होता.

पण २०१४ मध्ये एक वेगळीच गोष्ट घडली. विस्तार विकत घ्या आणि कोणतंही एक कॅरेक्टर थेट ९० ला न्या. आणखी हवंय? साठ डॉलर मोजा. इथे शाळा नावापुरती आणि अट फक्त पैशाची.

इथे मी येतो. २०१६, इंजिनीअरिंगचं दुसरं वर्ष, पुण्यातलं हॉस्टेल. दिवाळीचे जमवलेले पैसे घालून मी हा खेळ घेतला (हे वाक्य आईने वाचू नये). डेमन हंटर हवा होता, पण त्याला सर्व्हरवर ७० चं कॅरेक्टर लागायचं, ते माझ्याकडे कुठलं? मग खेळासोबत आलेला १०० लेव्हलचा बूस्ट वापरला आणि पॅलाडिन केला, तोही टँक. टँक म्हणजे सगळ्यांच्या पुढे चालून मार खाणारा, वाट माहीत असणारा. मला वाटही माहीत नव्हती आणि बटणंही. पहिल्याच गुहेत मी चार अनोळखी लोकांना घेऊन भलत्या बाजूला वळलो, सगळे मेले, आणि दोन मिनिटांत मतदान करून मला हाकलण्यात आलं.

मागे उभा राहून हे बघत होता माझा रूममेट. इचलकरंजीचा, डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेला. त्याने एकच वाक्य टाकलं, "भावा, लेव्हल घेतलीस, पण हात कुठं बसलाय तुझा?"

लागलं मला ते. कारण महिनाभर मी आणि माझे मित्र त्यालाच 'मागच्या दाराने आलेला' म्हणत होतो. आम्ही फर्स्ट इयर घासलं, हा थेट दुसऱ्या वर्षाला! त्या रात्री साधा हिशोब केला. दहावीनंतर मी अकरावी, बारावी आणि फर्स्ट इयर, तीन वर्षं. त्याचा डिप्लोमा, तीन वर्षं. म्हणजे पायऱ्या त्यानेही तेवढ्याच चढल्या होत्या, जिना वेगळा. प्रॅक्टिकलला त्याचा हात असा चालायचा की सर त्याला बघायला आम्हाला पाठवत. फक्त एम-थ्रीला त्याची दांडी उडायची, कारण एम-वन, एम-टू त्याने केलंच नव्हतं. काळा सरदार, वाकून तांबं खणणारा! मग मी त्याला गणित शिकवलं, त्याने मला सर्किट. आणि पॅलाडिन पुसून टाकून मी पुन्हा एकपासून सुरुवात केली.

नंतर या आकड्यांचंच अवमूल्यन झालं. २०२० मध्ये वॉरक्राफ्टने १२० लेव्हल दाबून ६० केल्या आणि डेथ नाइट ८ वर जन्मू लागला. २०२२ मध्ये जुना 'लिच किंग' विस्तार क्लासिक म्हणून पुन्हा आला, तेव्हा पहिल्या डेथ नाइटसाठी ५५ ची अटही काढून टाकली. चौदा वर्षांपूर्वी ज्यासाठी लोक रात्री जागले, ते दार सताड उघडं. अ‍ॅकेरसची शाळा मात्र तशीच ठेवली. मला वाटतं तेच बरोबर. आकडा कुणालाही देता येतो, त्याने कुणाच्या जागलेल्या रात्री पुसल्या जात नाहीत. हात बसायला मात्र जागा आणि वेळ द्यावाच लागतो.

असो. आमचा नवा लीड. त्याच्याही मागे कुठल्यातरी दुसऱ्या जिन्याच्या पायऱ्या असतील, मी विचारलंच नाहीये. आमच्या बिल्ड सिस्टीमचा जो गुंता आहे तो त्याला कोणी समजावलेला नाही, आणि पाच दिवस आम्ही सगळे मजा बघत बसलो होतो, कुजकी फळं हातात घेऊन. उद्या सकाळी त्याच्या डेस्कवर जाणार आहे. तांबं कुठे सापडतं ते निदान दाखवून तरी येतो.