भूमीतील धातूचा शोध

पुरलेले धन पायाळू माणसाला दिसते, अशी समजूत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. पुरलेला धातू सांगणारे यंत्र मात्र धनासाठी नव्हे, माणसाचा जीव वाचविण्यासाठी पुढे आले. टेलिफोनचे जनक ग्रॅहॅम बेल यांनी इ. स. १८८१ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरात रुतलेली बंदुकीची गोळी अशा यंत्राने शोधून पाहिली. गोळी सापडली नाही व अध्यक्षही वाचले नाहीत. परंतु तत्त्व खरे होते. तारेच्या वेटोळ्यातून उलटसुलट वाहणारी वीज सोडली की भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते. जवळ धातू आला की त्यात फरक पडतो व कानाला लावलेल्या फोनमध्ये आवाज उमटतो. यंत्राला खिळा काय नि मोहर काय!

दुसऱ्या महायुद्धात रस्त्यांत पुरलेल्या लोखंडी सुरुंगांनी फौजा अडू लागल्या. सुरुंग शोधणे हे जिवावरचे काम. १९४१ च्या जानेवारीअखेर सुदानच्या सरहद्दीलगत मेतेम्मा सर झाल्यावर आपल्या खडकीच्या बॉम्बे सॅपर्सचे तरुण अधिकारी प्रेमिंद्रसिंग भगत यांनी चार दिवसांत ५५ मैलांच्या वाटेवरील १५ सुरुंगक्षेत्रे शोधून साफ करवून घेतली. दोनदा गाडी उडाली, कानाचा पडदा फाटला, तरी जागा सोडली नाही. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

त्याच वर्षीच्या हिवाळ्यात स्कॉटलंडमध्ये पोलंडच्या सैन्यातील लेफ्टनंट युझेफ कोसाकी यांनी एकट्या जवानाला चालविता येईल असे सुरुंगशोधक यंत्र सिद्ध केले. लांब दांड्याच्या टोकाला वेटोळ्याची तबकडी, पाठीवर बॅटरी, कानाला फोन. वजन सुमारे १४ किलो. ऑक्टोबर १९४२ मध्ये इजिप्तमधील एल अलामेनच्या लढाईत अशी ५०० यंत्रे वापरली गेली. तेथील वाळूत शत्रूने चार-पाच लाख सुरुंग पेरले होते. पूर्वी तासाला १०० मीटर वाट साफ होई, ती आता २०० मीटर होऊ लागली. पुढे जर्मनांनी लाकडी व काचेचे सुरुंग काढले. तेथे संगीन टोचत जाण्याची जुनी रीतच कामी आली.

कोसाकी यांनी पेटंट घेतले नाही. यंत्र ब्रिटिश सैन्याला तसेच देऊन टाकले; बदल्यात राजाचे आभारपत्र आले. घरची मंडळी जर्मनांच्या ताब्यातील पोलंडमध्ये असल्याने युद्धकाळात त्यांचे नावही गुप्त ठेवावे लागले. त्यांच्या यंत्राच्या सुधारित आवृत्त्या ब्रिटिश सैन्याने १९९५ पर्यंत वापरल्या. कोसाकी त्याआधीच, १९९० साली, मायदेशी वारले.